पाताळेश्वरचा दगड, काळ्या रंगाविना

दुकानातला १६ बाय २० इंची कॅनव्हास ‘प्राइम्ड’ (अस्तर दिलेला) म्हणून मिळाला तरी आधी उजेडासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकले की अस्तर कमी आहे. तिथून तैलरंगातलं तेल सुती कापडात उतरतं, धागा हळूहळू कुजतो आणि वरचा रंग निस्तेज पडतो. म्हणून जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, आणखी दोन हात द्यायचे. पहिला थोडं पाणी घालून आडवा, वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, मग दुसरा उभा. एकच जाड हात देऊन वेळ वाचवू नका, तडे जातात. एप्रिलमध्ये पुण्यात जेसो बघता बघता हाताला कोरडा लागतो, जुलैत रेंगाळतो. तैलरंगासाठी मात्र ऋतू कोणताही असो, तीन दिवस थांबा.

पावसाळ्यात कॅनव्हास ढिलाही पडतो. मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोका, पण चारही सारख्या, नाहीतर चौकट तिरकी होते.

आता समजा, जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्याचा गोल नंदीमंडप काढायचाय. पांढऱ्यावर थेट दगडाचा रंग लावला की तो फार गडद वाटतो. मग आपण फिकट करत जातो आणि शेवटी बसाल्टचं सिमेंट होतं. त्यापेक्षा बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करून सगळीकडे फासा, चिंधीने पुसा. दुसऱ्या दिवशी कोळशाने मोजक्याच रेषा: छताची कड, जमीन, टोकाचे खांब. भुकटी फडक्याने झटका, ती रंगात मिसळली की पुढचा पांढरा मळतो.

डोळे किलकिले केले की छताखालची सावली एकच मोठा आकार दिसते. ती रॉ अंबर या गडद तपकिरीने भरा, तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक तळाला नकोच. तो तेलकट, वाळायला आळशी. वरचा थर आधी वाळला की भेगा. शिवाय हा दगड काळा नाहीच मुळी! अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घोटा: निळा वरचढ ठेवला की सावली, सिएना वरचढ आणि थोडा पांढरा घातला की उन्हातली बाजू.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत न्यायचं. खिडक्या उघड्या ठेवा. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.

निव्वळ पांढरा अगदी शेवटी, पेंटिंग नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने), एकाच खांबाच्या कडेवर. शेजारच्या खांबावरही लावावासा वाटेल, तेव्हा नाइफ धुऊन ठेवा.