आजारपणात ईएसआयचे पैसे : सिडको ते सातपूर, एकट्या बापाची फेरी

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात माझं काम दिवसभर उभ्याचं. मणक्याची गादी सरकली आणि डॉक्टरांनी उभं राहणं, वजन उचलणं दोन्ही बंद केलं. बायको गेल्यापासून घरात कमावणारा मी एकटाच, मुलगी तिसरीत. पगारातून दर महिन्याला ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आजारी पडल्यावर औषधांबरोबर रोख पैसेही मिळतात, हे आमच्या लाइनवरच्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वर्गणी तपासा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला हा विमा लागू होतो. आपले ०.७५ टक्के जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते. ऑक्टोबर ते मार्चमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल तर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनसाठी धरतात. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी पगाराच्या पावत्या जपाव्यात आणि आपल्या विमा क्रमांकावर दिवस चढलेत का, हे ऑनलाइन पाहावं. दुखणं आल्यावर पाहायला गेलं तर फार उशीर झालेला असतो.

पहिला थांबा ईएसआयचा सेवा दवाखाना. खासगी डॉक्टरांचा एमआरआय, चिठ्ठ्या सगळं सोबत न्या, पण पैशांसाठी आजारपणाचा दाखला लागतो तो विमा डॉक्टरांचाच. म्हणून कामावर जाणं थांबलं त्याच दिवशी जा. सकाळी लवकर पोहोचलात तर रांग आटोक्यात असते. मला बाकावर बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. शाळेला सुट्टी असल्यानं मुलगी बरोबर होती. तिनं माझी पिशवी बाकावर ठेवून नंबर धरला आणि पुढचा माणूस आत गेला की मला हाक मारायची. मी भिंतीला टेकून.

तिथून मला सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कंबर दुखत असेल तर शेअर रिक्षात मागे कोपऱ्यात दाटीनं बसू नका. सिटीलिंकची बस उशिरा आली तरी चालेल, धक्के कमी लागतात. कागद एकाच फाइलमध्ये ठेवा: ई-पहचान पत्र, आधार, बँक पासबुक, तपासण्या आणि प्रत्येक दाखल्याची झेरॉक्स. खिडकी सोडण्याआधी दाखला वाचून घ्या. माझ्या एका दाखल्यावर शिक्का होता, तारीख नव्हती. जागेवरच मागितली, डॉक्टरांनी लगेच घातली. तो तसाच ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेला असता तर पुन्हा तीच वारी. साधारणपणे दर आठवड्याला नवा दाखला घ्यावा लागतो. दुखणं लांबणारं असेल तर डॉक्टर चार आठवड्यांपर्यंतचा देऊ शकतात. एकट्या माणसानं हे जरूर विचारावं, कारण प्रत्येक फेरीला मुलाला कुणाकडे तरी ठेवावं लागतं.

शाखा कार्यालयात मागणीचा अर्ज आणि दाखले जातात. त्या दिवसांत तुम्ही कामावर नव्हतात, हे कंपनीकडूनही पडताळून घेतात. ते उत्तर एचआरच्या टेबलावर पडून राहतं, तेव्हा फोन करत राहा. पैसे थेट खात्यात येतात. सरासरी रोजाच्या ७० टक्के, म्हणजे रोज ६०० धरला तर दिवसाला ४२० रुपये, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीचं लाभ घेतलेलं आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर मात्र ते दोन दिवस कापत नाहीत.

आता एकट्या पालकानं नीट लक्षात घ्यायची गोष्ट. मूल आजारी पडलं तर त्याच्या उपचाराचा खर्च ईएसआय करतं (कुटुंबाच्या यादीत मुलाचं नाव आहे ना, ते आजच बघा). पण त्याच्यासाठी घरी राहिलात तर त्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. लाभ फक्त स्वतःच्या आजारपणाचा. आणि ज्या दिवसाचा लाभ घेतला, त्या दिवसाचा पगार घेता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की स्वतःच्या दुखण्यात भरपगारी रजा जाळू नका. पहिल्या दोन दिवसांपुरती रजा टाका, पुढे ईएसआय घ्या आणि उरलेली रजा मुलाच्या तापासाठी राखून ठेवा. सुपरवायझर म्हणेल, ‘रजा टाक ना, कागदपत्रांची कटकट कशाला?’ ऐकू नका.

९१ दिवसांत बरं वाटलं नाही तर ठरावीक ३४ मोठ्या आजारांत वाढीव काळाचा लाभ आहे, दर ८० टक्के. क्षयरोग, कर्करोग त्यात आहेत, सरकलेली गादीही आहे. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि आधीच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

याशिवाय महाराष्ट्रात एकट्या पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये. तिचा ईएसआयशी संबंध नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. जोडीदाराचा मृत्यूचा दाखला, मुलाचं बोनाफाइड आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका.