रकान्यातले उत्तर

‘सध्याचा अभ्यासक्रम’ या रकान्यात काकूंनी ‘चालू आहे’ असे लिहिले आणि नोंदणीचा कागद माझ्याकडे सरकवला.

विद्यापीठातल्या ऐच्छिक कार्यशाळेत आज स्प्रेडशीटवर हिशेब मांडायला शिकवत होते. काकू जुन्या बी.कॉम.; आता बडोद्यात मांडवीजवळ असलेल्या मुलाच्या दुकानाचे हिशेब त्याच पाहतात. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने सर्वांत आधी प्रमाणपत्र कधी मिळणार हे विचारले, तर काकूंनी जीएसटीची रक्कम वेगळ्या रकान्यात आपोआप कशी काढायची, हे विचारले. सूत्र लिहून १८ टक्क्यांचा आकडा पडद्यावर आला, तेव्हा त्यांनी तो आधी तोंडी पडताळला आणि मगच मान डोलावली.

त्या मुलाला दोष देण्याची माझी इच्छा नाही, कारण मुलाखतीत शेवटी कागदच मागतात. तरीही, १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढून जिथे विणकाम, रंगकाम आणि सुतारकाम यांना शिक्षणात मानाची जागा दिली, त्याच बडोद्यात आपण अशा वर्गांना ‘जादा’ समजतो, हे मला खटकते.

माजी विद्यार्थ्यांना बोलावतात हे उत्तमच, पण वेळ मात्र कामाच्या दिवशी सकाळी अकराची. काकू दुकान शेजाऱ्यावर सोपवून आल्या होत्या (तो शेजारीही धन्य!).

हेच वर्ग रविवारी ठेवले, तर तुमच्यापैकी कोण येईल, आणि काय शिकायला?