पिंग येतो, तरीही लाइन थांबते

कारखान्यात ऑटोमेशनचे काम करणाऱ्यांना आयटी विभागाकडून हमखास ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, ‘पिंग तर येतो आहे, मग नेटवर्कचा दोष कसा?’ पिंग म्हणजे समोरचे उपकरण नेटवर्कवर उत्तर देते का, हे तपासणारा छोटा संदेश. ऑफिसपुरता हा प्रश्न रास्त आहे. तिथे एखादे पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवले तर टीसीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचा नियमसंच, ते पुन्हा पाठवतो, ई-मेल अर्धा सेकंद उशिरा पोहोचते आणि कोणाचे काही बिघडत नाही. पीएलसी (मशीन चालवणारा नियंत्रक संगणक) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) यांच्यामधला उशिरा आलेला डेटा मात्र शिळा असतो. तो पुन्हा मागवण्यातही अर्थ नसतो, कारण तोवर पुढचा निघालेला असतो.

प्रोफिनेट या कारखान्यातल्या उपकरणांसाठीच्या नेटवर्क प्रोटोकॉलचा रिअल-टाइम डेटा टीसीपी-आयपीच्या थरांतून जातच नाही, तो थेट इथरनेट फ्रेममध्ये बसून जातो. पिंग आयपीच्या वाटेने जातो, म्हणून त्याला उत्तर मिळाले तरी हा डेटा वेळेवर पोहोचतो आहे असे सिद्ध होत नाही. अपडेट टाइम, म्हणजे दर किती वेळाने नवा डेटा पाठवायचा तो कालावधी, 2 मिलिसेकंद असेल आणि सलग तीन चक्रे चुकल्यावर संपर्क तुटल्याचे मानायचे, असे नेहमीचे सेटिंग असेल, तर अवघा 6 मिलिसेकंदांचा खंड उत्पादनाची लाइन थांबवायला पुरतो. ऑफिसात एवढा खंड कोणी मोजतही नाही.

केबल तुटली तर दुसरी वाट हवी म्हणून उपकरणे रिंगमध्ये जोडतात. ऑफिसच्या स्विचमधला मूळचा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल वाट बदलायला 30 ते 50 सेकंद घेऊ शकतो. औद्योगिक स्विचमधला एमआरपी हा रिंगसाठीचा प्रोटोकॉल 50 उपकरणांपर्यंतच्या रिंगमध्ये हेच काम 200 मिलिसेकंदांत उरकतो. आकडा ऐकून समाधान वाटते खरे, पण वर म्हटलेल्या 6 मिलिसेकंदांसमोर 200 म्हणजे फारच झाले. वॉचडॉगची, म्हणजे संपर्क तुटल्याचे मानण्यापूर्वी थांबण्याची, मुदत 200 च्या पुढे न नेता रिंग बसवली, तर केबल तुटताच लाइन थांबणारच; मग रिंगवर केलेला खर्च कशासाठी, हे प्लांट हेडना समजावणे कठीण जाते. मुदत वाढवणे प्रक्रियेला परवडत नसेल, तर डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी पाठवणारी पद्धतच घ्यावी लागते.

हार्डवेअरमधला फरक पॅनेलचे दार उघडताच दिसतो: डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसवलेला, 24 व्होल्ट डीसीवर चालणारा, पंखा नसलेला स्विच. पंखा आला की धातूची धूळ आणि कूलंटची वाफ आत ओढली जाते. मशीनवर तर नेटवर्क केबलच्या नेहमीच्या आरजे-45 प्लगऐवजी आट्यांनी घट्ट बसणारा एम-12 कनेक्टर लागतो.

ऑफिसचे आणि कारखान्याचे नेटवर्क वेगळे ठेवण्याचा आग्रह काहींना अतिरेकी वाटतो. मला वाटत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुऊर्जा केंद्रात, तिसऱ्या युनिटच्या नियंत्रण नेटवर्कवर वाहतूक बेसुमार वाढली, अणुभट्टीतले पाणी फिरवणाऱ्या रिसर्क्युलेशन पंपांच्या व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) कंट्रोलर प्रतिसाद देईनासे झाले, दोन्ही पंप थांबले आणि ऑपरेटरांना अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. तिथे हल्ल्याचा पुरावा आढळला नव्हता. आपल्याकडचा जुना पीएलसीही ब्रॉडकास्टच्या, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकदम जाणाऱ्या संदेशांच्या, माऱ्यापुढे असाच गुदमरू शकतो. म्हणून त्याच्या पोर्टवर ब्रॉडकास्टची मर्यादा लाइन सुरू करण्यापूर्वीच घालून घ्यावी, कारण नंतर त्या स्विचला हात लावायला पुढच्या शटडाऊनपर्यंत परवानगी मिळत नाही.