ट्रायझोल बनवताना तांब्यावर नजर ठेवा

बेंझिल अझाइड आणि फिनाइलअ‍ॅसिटिलीन (हे अल्काइन, म्हणजे कार्बन-कार्बन तिहेरी बंध असलेलं) नुसते तापवले तरी ट्रायझोलचं, म्हणजे तीन नायट्रोजन आणि दोन कार्बनचं वलय बनतं, पण १,४ आणि १,५ या दोन्ही समघटकांचं (आकडे वलयावर गट कुठे जोडलेत ते सांगतात) मिश्रण हाती येतं आणि ते वेगळं करण्यात दिवस जातो. तांबं घातलं की फक्त १,४ मिळतो. मेल्डाल आणि शार्पलेस या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी २००२ मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवलं. २०२२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमागे हेही काम होतं.

१ मिलिमोलसाठी १३३ मिग्रॅ अझाइड आणि ११० मायक्रोलिटर अल्काइन ४ मिली टर्ट-ब्युटेनॉल आणि पाण्यात (१:१) घ्या. थंडीत टर्ट-ब्युटेनॉल बाटलीतच गोठतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतं. मग २० मिग्रॅ सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट आणि शेवटी ५ मिग्रॅ कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट थोड्या पाण्यात विरघळवून घाला. खोलीच्या तापमानाला रात्रभर जोरात ढवळा.

खरं काम करतं ते तांबं(I), म्हणजे +१ अवस्थेतलं तांबं; कॉपर सल्फेटमधलं तांबं (II), म्हणजे +२ असतं. अ‍ॅस्कॉर्बेट कॉपर(II) चं क्षपण करून ते तयार करतं आणि हवेतला ऑक्सिजन ते परत (II) करत राहतो. म्हणून रंग बघत राहा. निळा उतरून फिकट पिवळा झाला की गाडी रुळावर आहे. निळा-हिरवा परतला तर अ‍ॅस्कॉर्बेट संपलं. ताजं करून अजून १० मोल टक्के (म्हणजे इथे आणखी २० मिग्रॅ) घाला. बरणीत पिवळं-तपकिरी पडलेलं अ‍ॅस्कॉर्बेट वापरूच नका. हवा फार शिरली तर दोन अल्काइन एकमेकांना जोडून डायआइन बनतं आणि उतारा घटतो.

उत्पादन पांढरट घन म्हणून खाली बसतं. थंड पाणी आणि थोडा विरल अमोनिया घालून ढवळा, गाळा, आणि गाळलेलं पाणी रंगहीन येईपर्यंत धुवा. तांबं राहिलं तर एनएमआरच्या (रेणूची रचना तपासायच्या चुंबकीय चाचणीच्या) रेषा पसरट होतात. वलयावरचा एकटा प्रोटॉन सीडीसीएल३ (ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) या द्रावकात ७.७ पीपीएमच्या आसपास दिसतो.

अझाइडबाबत मात्र हलगर्जी नको. रेणूतल्या कार्बन आणि ऑक्सिजन अणूंची बेरीज भागिले नायट्रोजन अणू ही संख्या ३ च्या खाली गेली की तो अझाइड मोठ्या प्रमाणात वेगळा काढून साठवायचा नाही. बेंझिल अझाइडची २.३ भरते. तो बनवताना सोडियम अझाइडजवळ डायक्लोरोमिथेन आणि आम्ल दोन्ही येऊ देऊ नका. पहिल्याने स्फोटक डायअझिडोमिथेन होतं, दुसऱ्याने विषारी आणि स्फोटक हायड्रॅझोइक आम्ल.

१,५ हवा असेल किंवा अल्काइन टोकाचा नसेल (तिहेरी बंध साखळीच्या टोकाला नसेल), तर तांबं उपयोगाचं नाही. तिथे रुथेनियम उत्प्रेरक लागतो.