रजईला ऊन

जानेवारीतल्या एका दुपारी, आठवडाभराच्या रिपरिपीनंतर लख्ख ऊन पडले आणि आमच्या वसाहतीचे रूपच पालटले. दोन झाडांमध्ये दोऱ्या ताणल्या गेल्या, सायकलींच्या सीटवर उशा येऊन बसल्या, ज्येष्ठांसाठी बसवलेल्या व्यायामाच्या दांड्यांवर फुलाफुलांच्या रजया पसरल्या, आणि कुंपणाच्या कोणत्या गजावर कोणाचा हक्क, यावरून दोन आजीबाईंची ठेवणीतल्या शांघायी बोलीत जुंपली. शांघाय म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे नदीकाठचे काचेचे मनोरे उभे राहतात. मला आधी रजया आठवतात.

बदली होऊन येणाऱ्याला इथल्या थंडीविषयी कोणी धड सांगत नाही. निवासाचा परवाना, बँकेचे खाते, फोनवरून पैसे देण्याची पद्धत हे सगळे कचेरीतली मंडळी हौसेने शिकवतात. पण चीनमध्ये घरे तापवण्याची सार्वजनिक व्यवस्था 1950च्या दशकात छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला उभी राहिली आणि शांघाय त्या रेषेच्या दक्षिणेला आहे, हे पहिल्या डिसेंबरात अंगावर काटा आल्यावरच उमगते. बीजिंगमध्ये 15 नोव्हेंबर ते 15 मार्च घराघरांतल्या नळ्यांतून गरम पाणी खेळते आणि माणसे घरात पातळ सदऱ्यावर वावरतात. आमच्याकडे पारा शून्याखाली फारसा जात नाही, पण हवेतला दमटपणा हाडांत उतरतो. एसीची गरम हवा छतापाशी घुटमळत राहते, पाय मात्र गार ते गारच. माणसे घरात शिरताना कोट काढत नाहीत. अशा घरात रात्री ओलसर रजईत शिरणे म्हणजे काय, ते ज्याने अनुभवले आहे त्याला या लोकांचे उन्हाचे वेड समजावून सांगावे लागत नाही.

घर शोधतानाही पहिला प्रश्न उन्हाचाच असतो. पुण्यात आम्ही हवा खेळती आहे का, पाणी किती वेळ येते, हे विचारतो, आणि पश्चिमेची खिडकी असेल तर नाक मुरडतो. इथे दलाल दार उघडायच्या आधीच अभिमानाने सांगतो की दोन्ही खोल्या दक्षिणेकडच्या आहेत. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. शांघाय साधारण 31 अंश उत्तरेला असल्यामुळे इथे तो दुपारी कायम दक्षिणेलाच असतो आणि हिवाळ्यात इतका कलतो की ऊन खोलीत पार पलंगापर्यंत पोहोचते. उत्तरेकडच्या खोलीचे भाडे कमी का, याचे उत्तर असे आकाशातच आहे. खिडक्यांबाहेर काढलेल्या स्टीलच्या चौकटी, त्यांत सरकवलेले कपड्यांचे लांब दांडे, हे सगळे त्या दक्षिणेच्या दिशेने हात पुढे करून उभे असते.

सांगलीला आमच्या घरी गाद्यांना ऊन दाखवण्याचा दिवस पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आधी यायचा. सगळ्या वाकळा गच्चीवर जायच्या आणि आम्ही भावंडे त्यांवर लोळून आजीच्या शिव्या खायचो. त्याच सुमारास पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन आळीत यायचा. तातीचा तो टणत्कार ऐकला की आजी कोणती गादी उसवायची याचा हिशेब मांडायची, आणि दुपारभर अंगणात कापसाचा भुगा उडत राहायचा. त्या भुग्याने मला शिंका यायच्या. अजूनही नुसते आठवले तरी नाक हुळहुळते.

हे इथे सांगायचे कारण असे, की चीनमध्येही कापूस धनुकलीनेच पिंजत. इथला कारीगर कमरेमागे एक काठी बांधून तिच्या टोकाला ते भले मोठे धनुष्य टांगतो आणि लाकडी ठोकळ्याने तात वाजवत राहतो. पिंजलेल्या कापसाचा थर झाला, की त्यावर उभ्या-आडव्या सुतांची विरविरीत जाळी घालायची आणि जड लाकडी चकतीने तो दाबून सपाट करायचा. आपल्या रजईसारखे टाके नसतात. जाळीतला तो कापसाचा थर खोळीत सरकवला की झाले. आता हे काम बहुतेक यंत्रावर होते, आणि तरुण मंडळी हलक्या कृत्रिम धाग्याच्या रजया घेतात.

पाचव्या मजल्यावरच्या मावशींची रजई मात्र जुन्या पद्धतीची, लाल सुताच्या जाळीची आहे. ती त्यांच्या लग्नातली. त्यांचे नियम कडक. दव सुकल्याशिवाय रजई बाहेर काढायची नाही, मध्ये एकदा उलटायची, वेताच्या झोडपणीने हलकेच झोडपायची, आणि ऊन कितीही छान वाटत असले तरी तीनच्या सुमारास आत न्यायची, कारण त्यानंतर जमिनीतली ओल वर येते. माझी रजई साडेतीनला बाहेर दिसली, की त्या फुलाफुलांच्या जाड नाइटसूटमध्येच खाली येऊन मला बोलतात. (2010च्या जागतिक प्रदर्शनाआधी नाइटसूट घालून रस्त्यावर फिरू नका, असे शांघायकरांना बजावले गेले होते. आमच्या वसाहतीत त्याचा मागमूस नाही, आणि गाऊनवर ओढणी टाकून कोपऱ्यावरून दूध आणणाऱ्यांच्या गावातून आलेली मी त्यावर काय बोलणार!) या शहरात मला हक्काने ओरडणारे दुसरे कोणी नाही.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचे गुडघे जिना मानत नाहीत. इमारत सहा मजली, बिनालिफ्टची; शांघायच्या नोंदणीकृत रहिवाशांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे साठीपुढची असल्यामुळे अशा जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट जोडण्याचे काम शहरभर चालू आहे. आमच्याकडेही नकाशे आले, बैठका झाल्या. तळमजल्यावरच्या आजोबांनी मात्र नकार दिला आहे, कारण लिफ्टचा मनोरा उभा राहिला की त्यांच्या खोलीतला उजेड जाईल, आणि ती एकच खोली त्यांच्याकडे आहे. मावशी त्यांच्याशी बोलत नाहीत. मावशींची रजई आता मी खाली आणते, आणि ती पसरायला दोरी ताणायची असली की दुसरे टोक आजोबाच धरतात. मी भाडेकरू, त्यातून परदेशी, त्यामुळे बैठकीत मला मत नाही. असते तर ते कोणाच्या बाजूने टाकले असते, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.