जुनं चेनसॉ घेताय? आधी सायलेन्सर खोला

मोहोळकडच्या आमच्या रानात बांधाबांधाला वेडी बाभूळ माजलीय. घरी न्हाणीतला बंब अजून लाकडावर तापतो, शिवाय वहिनी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेतात, त्यामुळे चूल दिवसभर पेटलेली. कुऱ्हाडीनं भागेना आणि कंपनीचं नवं चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं पेट्रोलचं मशीन, परवडेना. तेवढ्यात सोलापुरातली एक लाकडाची वखार बंद होतेय असं कळलं. कोपऱ्यात तीन मशिनं धूळ खात पडली होती. मालक म्हणाले, "बंद हायेत ओ सगळी. भंगारातच घालणार होतो. बघा, पायजे ते न्या."

पहिलं मशीन स्टिल (Stihl) कंपनीचं 070 मॉडेल. इंजिन 105 सीसीचं, वजन चेन आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी सोडून दहा किलोच्या वर. मोठ्या ओंडक्यांना त्याच्यासारखं दुसरं नाही, पण त्याला चेन ब्रेक नव्हता. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. अशा वेळी चेन थांबवतो तो हा ब्रेक. जळणासाठी एवढा जीव धोक्यात घालायची मला गरज वाटली नाही. ते तिथंच ठेवलं.

उरली दोन. एक कृषी सेवा केंद्रात मिळतं तसलं 58 सीसीचं, दुसरं जुनं, 50 सीसीच्या आसपासचं. चालू करायच्या दोरीचा दांडा धरून मशीन लोंबकळत सोडायचं. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं हवा दाबल्याचा जोर, असेल तर ते थांबत थांबत खाली उतरतं, नसेल तर सरळ खाली येतं. दोन्ही मशिनं थांबत उतरली. पण एवढ्यावर पैसे मोजू नयेत. मी पान्यानं सायलेन्सरचे नट काढले आणि मोबाईलच्या टॉर्चनं आत बघितलं. दोरी हळूहळू ओढली की सायलेन्सरमागच्या, धूर बाहेर पडायच्या खिडकीसमोरून पिस्टन वर-खाली जातो. 58 सीसीच्या पिस्टनवर उभे ओरखडे, बोट फिरवलं तर नखाला लागतील एवढे खोल, आणि रिंग एका जागी घासून खाचेत चिकटलेली. कुणीतरी बिनतेलाचं पेट्रोल घातलेलं. टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलातल्या तेलातूनच, आणि सायलेन्सरची बाजू सगळ्यात जास्त तापत असल्यानं पहिल्यांदा तिथंच खरवडतं. जुन्या मशीनचा पिस्टन मात्र गुळगुळीत होता, कंपनीत घासल्याच्या बारीक आडव्या रेषासुद्धा दिसत होत्या. दोरी तुटलेली, कव्हर फुटलेलं, तरी घेतलं तेच.

ते घेऊन स्कूटरच्या मिस्त्रीकडे गेलो. चेतक आणि लुना खोलण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला टू-स्ट्रोक वेगळं समजवावं लागत नाही. प्लगचे आटेही त्या जुन्या स्कूटरसारखेच 14 मिमीचे, त्यामुळे त्याचा कॉम्प्रेशन मोजायचा गेज सरळ बसला. काटा 145 पीएसआयवर गेला. 120 च्या खाली असता तर रिंगचा खर्च आला असता. प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली, निळी ठिणगी पडली.

"मालक, इंजिन भारी हाय. उपाशी राहिलंय नुसतं."

त्याचं म्हणणं खरं निघालं. कार्बोरेटर उघडला तर आतला रबरी पडदा जुन्या पापडासारखा कडक. हाच पडदा हलून पेट्रोल ओढतो, तो वाकेना म्हटल्यावर इंजिनाला मिळणार काय? टाकीतली नळी वळणावर तडकलेली, तळाची जाळी चिकटून गेलेली. पडद्यांचा आणि गॅस्केटचा किट, नळी, जाळी, प्लग आणि दोरी, एवढंच नवं घातलं. कार्बोरेटरवरचे एल (कमी रेसचं पेट्रोल) आणि एच (फुल रेसचं पेट्रोल) हे दोन्ही स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत नेऊन एकेक आटा बाहेर काढले. चोक देऊन ओढलं, फटफट करून बंद पडलं. चोक काढून ओढल्यावर मात्र धरलं. स्लो रेसवर चेन फिरत असेल तर रेस कमी करायची, ती फिरता कामा नये. एच स्क्रू आवळून सुसाट करायचा मोह होतो, पण पेट्रोल कमी पडलं की पिस्टनची पुन्हा तीच गत. फुल रेसला आवाज किंचित जाड राहिला तर उत्तम.

तेलाचं प्रमाण: चेनसॉ कंपनीचं चांगलं टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल असेल तर लिटरला 20 मिली, साधं असेल तर 40. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि रबर खातं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवतो.

आता खरं सांगायचं तर कापते ती चेन, इंजिन नुसतं फिरवतं. पहिल्या दिवशी बाभळीतून पीठ उडत होतं. म्हणजे दात बोथट. माझी चेन 0.325 इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर), तिला 4.8 मिमीची गोल कानस लागते. 30 अंशाचा तिरपा धरून प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, एका बाजूला जास्त झाले की पट्टी वाकडी कापत जाते. दात किती खोल घुसेल ते ठरवणारी दातापुढची टेकडी दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवी. पट्टीची खाच तारेनं कोरली, तेलाचं छिद्र मोकळं केलं, कडांवरचे चरे घासले आणि पट्टी उलटी बसवली. मग ढलप्या पडायला लागल्या. बाभळीच्या सालीत माती असते, कुंपणाच्या बाभळीत जुनी तारही निघते. ती बघूनच मशीन लावतो.

वेडी बाभूळ तोडायला कुणाची आडकाठी नाही, पण आंबा, चिंच, जांभूळ 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. त्यांना हात लावायच्या आधी परवानगी काढावी.

फेब्रुवारी-मार्चला कापून टाकलं की आपल्याकडच्या उन्हात जळण पावसाआधी खणखणीत वाळतं. वहिनींची एकच तक्रार आहे, तुकडे चुलीपेक्षा लांब येतात.