हे बिल नाही

पेनसिल्व्हेनियातल्या एका काउंटीच्या माजी सैनिक सेवा कार्यालयात मी काम करते. काउंटी म्हणजे जिल्हाच, आणि आमचं ऑफिस म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं लांबचं भावंड. लोक पिशव्या भरून कागद आणतात, आम्ही त्यातून अर्ज तयार करून देतो. फुकट.

२४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. पुढच्या आठवड्यात दिवाळी, म्हणून मी रजेआधी टेबल रिकामं करायच्या खटपटीत होते. साडेदहाला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक आजी वॉकर ढकलत आल्या. मागे साठीचा मुलगा, त्याच्या हातात बुटांचं खोकं. त्याने आधी आजींच्या पेन्शनच्या अर्जाला (माजी सैनिकाच्या विधवेला मिळते ती) आलेलं नकाराचं पत्र टेबलावर ठेवलं. तारीख २ नोव्हेंबर २०२३. एक वर्षाच्या आत नव्या पुराव्यासह पूरक अर्ज केला, तर मूळ अर्जाची तारीख टिकते. म्हणजे हातात नऊ दिवस होते.

आजींचे यजमान १९५३ मध्ये सक्तीच्या भरतीत गेले आणि दोन वर्षं टेक्सासच्या छावणीत ट्रक दुरुस्त करत होते. कोरिया त्यांनी नकाशातही नीट पाहिला नसेल. त्यामुळे आपल्याला काही मिळेल असं आजींना कधी वाटलंच नाही. हा गैरसमज मी आठवड्यातून दोनदा तरी खोडते. लढायची अट नाही. त्या काळातल्या सैनिकाची नव्वद दिवसांची सेवा हवी आणि त्यातला किमान एक दिवस युद्धकाळातला हवा. कोरियाचा युद्धकाळ सरकारी हिशेबात २७ जून १९५० ते ३१ जानेवारी १९५५. ट्रकवाले आजोबा त्यात आरामात बसत होते.

अडलं होतं ते उत्पन्नावर. विधवेच्या या पेन्शनला एक कमाल रक्कम ठरलेली असते. त्यातून तुमचं उत्पन्न वजा करतात आणि उरेल ते देतात. एकट्या विधवेसाठी २०२४ चा आकडा ११,१०२ डॉलर. रोजच्या अंघोळ-कपड्यांना दुसऱ्याची मदत लागत असेल तर १७,७४३. आजींची सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणाची सरकारी पेन्शन, वर्षाला १९,६८०. उत्पन्न जास्त, अर्ज नामंजूर. सरळ गणित.

पण उत्पन्नातून औषधपाण्याचा खर्च वजा होतो. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, २१पी-८४१६. फक्त मूळ कमाल रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतचा खर्च धरत नाहीत, त्याच्या वरचा धरतात. मुलाने पहिल्या वेळी औषधांच्या दुकानाच्या पावत्या लावल्या होत्या, ४१२ डॉलरच्या. पाच टक्क्यांची ती पायरीसुद्धा चढल्या नाहीत.

त्या नकाराचा राग यंदाच्या फॉर्मात उतरला होता. खर्चाची बेरीज एकसष्ट हजारांच्या वर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे कुठून आलं?"

त्याने खोक्यातून मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नोटिसांचा गठ्ठा काढला. २०२३ च्या जानेवारीत आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया, भूल, एक्स-रे, पुनर्वसन केंद्र. प्रत्येक कागदावर दवाखान्याने लावलेली रक्कम, त्याशेजारी मेडिकेअरने भरलेली, आणि शेवटच्या रकान्यात आजींच्या वाट्याला आलेली. पठ्ठ्याने पहिल्या रकान्याची बेरीज केली होती. आणि कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: हे बिल नाही.

मी ती ओळ त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, "पण खर्च झालाच ना?"

झाला. पण तुमच्या पदरचा नाही. मराठीत हा एक शब्द किती कामाचा आहे, ते मला या नोकरीत कळलं. इंग्रजीत मला तीन वाक्यं लागतात: विमा कंपनीने दिलेलं चालत नाही, मेडिकेअरने दिलेलं चालत नाही, कोणी नंतर परत केलं असेल तर तेही नाही. पदरचं तेवढंच लिहायचं. फॉर्मच्या शेवटी सही असते ती खोटं लिहिल्यास शिक्षा आहे हे वाचून केलेली, आणि सही आजींची होती, मुलाची नव्हे. हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. वाईट हेतू नव्हता त्याचा. कागदांना कंटाळलेला माणूस होता तो. एका सल्लागाराने याच कामाचे अडीच हजार डॉलर मागितले होते म्हणे. पहिला दावा तयार करून द्यायला पैसे घेणं कायद्याने बंद आहे, तरी असे सल्लागार वृद्धाश्रमांच्या दारात फिरतात. तेव्हा मला जरा बोलायला जोर आला, ते असो.

एकसष्ट हजारांवर काट मारली. मग उरलं काय?

मी विचारलं, "बँकेत दर महिन्याला किती जमा होतात?" १,४६५. पण सोशल सिक्युरिटी तर १,६४०. मधले १७४ डॉलर ७० सेंट मेडिकेअरचा हप्ता म्हणून आधीच कापले जात होते. उत्पन्नात सरकार पूर्ण १,६४० धरतं आणि कापलेला हप्ता खर्चात तुम्ही लिहाल तरच वजा होतो. तो हातात येतच नाही, म्हणून कोणी लिहीतही नाही. वर्षाचे २,०९६ डॉलर ४० सेंट. पूरक विम्याचे १९० महिन्याला, तेही राहिले होते.

"आणि घरात मदतीला कोण येतं?"

मुलगा म्हणाला, "एक बाई येतात, पण त्या नर्स नाहीत. ते औषधपाणी नव्हे."

तीन तास रोज, आठवड्याचे सहा दिवस, तासाला वीस डॉलर. अंघोळ घालणं, कपडे चढवणं, जिने उतरवणं. यजमानांच्या विम्याचे साठवलेले पैसे त्यातच वितळत होते. आजींना अशी मदत लागते हे डॉक्टरांनी लिहून दिलं, तर ती करणारी बाई नर्स नसली तरी चालतं. सगळ्यात मोठा पदरचा खर्च फॉर्मवर नव्हताच.

"किती दिवस आल्या, याची काही नोंद?"

मुलाने नकारार्थी मान हलवली. तोवर गप्प बसलेल्या आजींनी वॉकरला अडकवलेल्या पिशवीतून दोन भिंतीवरची कॅलेंडरं काढली, २०२३ आणि २०२४. कुठल्याशा विमा एजंटाने फुकट वाटलेली, गाईगुरांच्या चित्रांची. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने तीनचा आकडा. बाई आल्या नाहीत त्या दिवशी फुली.

मला एकदम आमच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दिसलं. दूधवाल्याचे खाडे, भांडीवाल्या मावशींचे खाडे, आई याच पद्धतीने मांडायची, आणि महिनाअखेरीला तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. मी आजींना हे सांगितलं. खाडे या शब्दाला इंग्रजी काही सापडलं नाही, पण त्यांना समजलं.

मग आम्ही चेकबुकच्या नोंदी काढून आठवडे जुळवायला बसलो. मुलगा रक्कम वाचायचा, आजी चौकोनावर बोट ठेवायच्या, मी टिकमार्क करायचे. सरत्या बारा महिन्यांत नऊ खाडे, १८,१८० डॉलर. एकच आठवडा जुळेना: नाताळातला, चेक ५६० चा आणि तास अठराच.

"ते दोनशे माझ्याकडून भेट," आजी म्हणाल्या. "तिच्या नातीला कोट घ्यायचा होता. ते धरू नका."

मी काही बोलायच्या आधीच.

मेडिकेअर, पूरक विमा, बाईंचा पगार मिळून २२,५५६ डॉलर. पाच टक्क्यांचे ५५५ गेले तरी १९,६८० चं उत्पन्न सरकारी हिशेबात शून्यावर आलं. दवाखान्याची एक दमडी न धरता. डॉक्टरांचा फॉर्म सोमवारी भरून आला, पूरक अर्ज मंगळवारी गेला, म्हणजे चार दिवस हातात राखून. फेब्रुवारीत मंजुरी आली: मदतनीसाच्या दराने, २०२४ साठी महिना १,४७८ डॉलर, मागची थकबाकी वेगळी.

त्या गुरुवारी मात्र निघायला दीड वाजला. कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स काढून मी मूळ प्रती परत दिल्या. आजींनी २०२४ चं ऑक्टोबर उघडलं, पेन्सिल काढली आणि थांबल्या. बाई खाली गाडीत वाट बघत होत्या, सकाळी त्यांनीच दोघांना इथे आणून सोडलं होतं.

"आज तिने मला अंघोळ घातली, कपडे घातले. मग इथे आणलं आणि नुसती बसून राहिली. ते बसलेले तास लिहायचे का?"

मी म्हटलं, "पगार द्या, पण इथे नका लिहू."

त्यांनी २४ च्या चौकोनात दोन लिहिलं. मग खोडून दीड केलं.